अडतीस मिलिमीटरचं अतिक्रमण

शनिवारी संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी वासंतीबाई आठल्ये तोंड उघडं ठेवून थिजल्या आणि पुढची चार मिनिटं तशाच राहिल्या. एक हात वर, एक डोळा अर्धवट मिटलेला, ओठांवर 'ळ' हे अक्षर. साताऱ्यापासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेल्या त्यांच्या त्रेचाळीस विद्यार्थ्यांनी हे दृश्य आपापल्या पडद्यावर पाहिलं. काहींनी त्याचा फोटोही काढला. प्रत्यक्षात वासंतीबाई डोंबिवलीत, टिळकनगरातल्या आपल्या हॉलमध्ये चांगल्या हलत-बोलत होत्या. थिजला होता तो त्यांचा लॅपटॉप.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून वासंतीबाई मोडी लिपीचे ऑनलाइन वर्ग घेत. जुने कागद वाचायची हौस असलेले लोक जगात इतके आहेत हे त्यांचे यजमान बाळ आठल्ये यांना तोवर ठाऊक नव्हतं. बाळ आठल्ये म्हणजे सरकारी मोजणी खात्यातला चौतीस वर्षं तळपलेला माणूस. कल्याण तालुक्यातला असा बांध नसेल ज्यावर त्यांनी उन्हात उभं राहून दोन भावांची भांडणं ऐकली नाहीत. पण निवृत्तीनंतर सोसायटीत ते नुसते 'मोडीवाल्या बाईंचे मिस्टर' झाले. वॉचमनने त्याचंही लघुरूप करून 'मोडीवाले काका' केलं, आणि परिणामी तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरूने एकदा घरी येऊन, "मोडीवाले तुम्हीच ना?" असं विचारत एक जळलेला मिक्सर भंगारात काढण्यासाठी त्यांच्या हातात ठेवला. आठल्यांनी तो मुकाट्याने परत नेऊन दिला. अपमान गिळायची सवय सरकारी नोकरीत आपोआप लागते.

तर लॅपटॉप. मुलाला, सलिलला, बंगळूरला फोन झाला.

"आईची एसएसडी भरलीय," सलिल म्हणाला. "म्हणजे आत जी माहिती साठवणारी पट्टी असते ना, ती छोटी आहे. मोठी टाकावी लागेल. पण कुठलीही चालत नाही, कंपॅटिबिलिटी चेक करावी लागते. मी दिवाळीत आलो की बघतो. आणि बाबा, तुम्ही प्लीज हात लावू नका."

आता तेव्हा श्रावण चालू होता. दिवाळीपर्यंत वासंतीबाई किती वेळा थिजतील याचा हिशोब करवत नव्हता. पण खरं सांगायचं तर आठल्यांना थिजण्यापेक्षा जास्त लागलं ते शेवटचं वाक्य. 'हात लावू नका.' ज्या हातांनी अख्ख्या तालुक्याच्या हद्दी कायम केल्या, त्या हातांना!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जिन्यात ऋजुताला गाठलं. ऋजुता तिसऱ्या मजल्यावरची, आयटीतली, नेहमी घाईत.

"काका, सोप्पंय," ती चपलेत पाय घालता घालता म्हणाली. "दोनच गोष्टी बघायच्या. पट्टीची लांबी, आणि तिची जात, म्हणजे ती सॅटा आहे की एनव्हीएमई. ऐंशी मिलिमीटरची असते, बेचाळीसची पण असते. विकत घ्यायच्या आधी मागचं झाकण उघडून आत काय आहे ते फक्त बघा हां. आधी बघा, मग घ्या."

इतका स्वच्छ सल्ला आठल्यांना आयुष्यात फार कमी वेळा मिळाला होता. नेमका म्हणूनच तो त्यांना पटला नाही. लॅपटॉपच्या पोटावर मॉडेल नंबर छापलेला असताना पोट फाडून कशाला बघायचं? बाळ आठल्ये चौतीस वर्षं लोकांना ओरडून सांगत आले होते, की कागदावर विसंबू नका, जागेवर जा आणि स्वतः बघा. पण दुसऱ्याला सांगायचं तत्त्वज्ञान वेगळं आणि घरात वापरायचं वेगळं, हा भेद सुशिक्षित माणसाला करावाच लागतो.

त्यांनी लॅपटॉप उलटा केला. पोटावर नंबर होता, पण शेवटच्या आकड्यावर कुंकू होतं. वासंतीबाई दर दसऱ्याला यंत्रपूजेत लॅपटॉपलाही गंध-कुंकू लावत, आणि वरच्या बाजूला डाग नको म्हणून पोटावर लावत. चार दसऱ्यांचं कुंकू पार मुरलं होतं. खोबरेल तेल लावून पाहिलं, तेव्हा कुंकू गेलं आणि त्याबरोबर अर्धा आकडाही गेला. उरलं त्यावरून तो तीनही असू शकत होता आणि आठही.

"तीन आहे," शेजारचे सुधीर पाध्ये म्हणाले. पाध्ये विमा कंपनीतून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून कुठल्याही विषयावर बोलायला मोकळे. "शंभर टक्के तीन. आणि समजा आठ असला, तरी काय फरक पडतो? पेनड्राइव्ह कुठे वेगवेगळ्या लांबीचे असतात?"

पेनड्राइव्ह वेगवेगळ्या लांबीचेच असतात, हे दोघांच्याही त्या क्षणी लक्षात आलं नाही.

खात्री करून घ्यावी म्हणून आठल्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीने अत्यंत गोड हिंदीत सिरियल नंबर मागितला. आठल्यांनी भिंगातून वाचून सांगायला सुरुवात केली. "डी फॉर डोंबिवली. के फॉर कल्याण."

"के फॉर क्या, सर?"

"कल्याण. जंक्शन है! टी फॉर टिटवाला."

बदलापूरपर्यंत पोचेस्तोवर मुलगी म्हणाली, की सर, वॉरंटी संपली आहे, आपण जवळच्या सर्व्हिस सेंटरला लॅपटॉप घेऊन जा. ते निघालं ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोमागे. आठल्ये मंगळवारी तिकडे गेले. टोकन घेतलं, सव्वा तास बसले, आणि काउंटरवरच्या तरुणाने बिल पाहून सांगितलं, "काका, हे सलिल आठल्येंच्या नावावर आहे. त्यांचं अधिकारपत्र लागेल."

"मी त्याचा बाप आहे."

"हो, पण कागदावर तसं कुठेय?"

हे वाक्य आठल्यांच्या फार ओळखीचं होतं. आजवर ते काउंटरच्या दुसऱ्या बाजूने ऐकलेलं नव्हतं, इतकंच. नोकरीत असताना किती म्हाताऱ्यांना आपण हेच ऐकवलं असेल, असा एक विचार त्यांच्या मनात डोकावला. पण पोटात भूक होती, तेव्हा तो विचार त्यांनी बाहेरच्या गाडीवर वडापाव खाता खाता सोडून दिला.

शेवटी पाध्यांचा तीन मान्य झाला. शेवटचा आकडा तीन असलेलं मॉडेल इंटरनेटवर शोधलं, तिथे ऐंशी मिलिमीटरची पट्टी चालते असं स्पष्ट लिहिलं होतं. आठल्यांनी कल्याण स्टेशनजवळच्या एका दुकानातून पाचशे बारा जीबीची झकपक डबी आणली. "सील फोडलं की परत घेणार नाही," असं दुकानदाराने दोनदा बजावलं. आठल्ये त्याच्याकडे बघून नुसते हसले. हद्द कायम झाल्यावर परत करायची वेळ कुणावर येते?

मुहूर्त निघाला शनिवारी दुपारी. वासंतीबाई एका बारशाला गेल्या होत्या, साडेचारपर्यंत परतणार होत्या. पाच वाजता वर्ग, आणि तोही साधा नव्हे. त्या दिवशी विद्यार्थ्यांची लेखनपरीक्षा होती. तीन तास हातात होते. आठल्यांचा बेत असा, की बाईंनी येऊन लॅपटॉप उघडावा आणि तो क्षणात लखलखून उठावा. मग आपण सहज म्हणावं, 'अगं, काही नाही, जरा बदललं.'

लॅपटॉप उघडण्याचं काम मात्र त्यांनी अतिशय देखणं केलं. आधी कागदावर मागच्या झाकणाचा प्रमाणात नकाशा काढला, अकरा स्क्रूंना सर्व्हे नंबर दिले आणि काढलेला प्रत्येक स्क्रू नकाशावरच्या त्याच्या जागी ठेवला. मधला लांब स्क्रू निराळा होता म्हणून त्याला 'सात, हिस्सा दोन' असा नंबर पडला. पाध्ये हे सगळं टॉर्च धरून पाहत होते आणि अधूनमधून पंखा लावू का असं विचारत होते.

झाकण निघालं. आतली पट्टी एका बारीक स्क्रूने दाबून बसवली होती. आठल्यांनी तो काढला, जुनी पट्टी अलगद बाहेर आली. नवी डबीतून काढली, खाचेत सरकवली, आणि दोघेही खाली वाकले.

पट्टी स्क्रूची जागा ओलांडून, बॅटरीची हद्द ओलांडून, पंख्याच्या आवारात शिरली होती.

आठल्यांनी पट्टीपट्टीने मोजलं, म्हणजे फूटपट्टीने पट्टी मोजली. जागा बेचाळीस मिलिमीटर. माल ऐंशी. अडतीस मिलिमीटरचं उघड उघड अतिक्रमण.

"आकडा आठ होता वाटतं," पाध्ये म्हणाले.

आठल्यांनी फूटपट्टी पुन्हा लावून पाहिली.

"थोडी कापली तर? बरीचशी मोकळीच दिसतेय."

"पाध्ये, टॉर्च सरळ धरा."

निमूटपणे जुनी पट्टी परत बसवायची आणि झाल्या गोष्टीचा पंचनामा कुणालाही दाखवायचा नाही, असं ठरलं. जुनी पट्टी खाचेत गेली. पण तिला दाबणारा तो बारीक स्क्रू नकाशावर नव्हता. अकरा सर्व्हे नंबर जागच्या जागी होते, हा बारावा. झाकणाच्या आतला असल्यामुळे त्याला नंबरच दिला गेला नव्हता, आणि नंबर नसलेली गोष्ट खात्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. स्क्रूविना पट्टी एका टोकाने सीसॉसारखी उचलली जाई. बोटाने दाबली की बसे, बोट काढलं की उठे. तशीच ठेवून लॅपटॉप सुरू केला, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत उमटलं, की या यंत्रात काहीही सापडत नाही.

पाध्ये पळत जाऊन आपल्या फ्रिजवरचं लोहचुंबकाचं आंब्याचं चित्र घेऊन आले. त्यांनी ते टेबलावर, सोफ्यावर, गालिच्यावर, आठल्यांच्या लेंग्यावर फिरवलं. स्क्रू मिळाला नाही. चार वाजून पंचवीस मिनिटं झाली. आठल्ये गुडघ्यावर बसून सोफ्याखाली हात घालत असताना दारात चपला वाजल्या.

वासंतीबाईंनी पिशवी खाली ठेवली. उघडा लॅपटॉप पाहिला, नकाशा पाहिला, पाध्यांच्या हातातला आंबा पाहिला.

"मी निघतो," पाध्ये आंबा टेबलावर ठेवत म्हणाले आणि खरोखरच निघाले.

"अहो," वासंतीबाई अगदी हळू म्हणाल्या, "पाच वाजता माझी परीक्षा आहे."

त्या ओरडल्या असत्या तर बत्तीस वर्षांच्या संसाराच्या अनुभवावर आठल्यांना बचाव करता आला असता. त्या ओरडल्या नाहीत. आठल्ये सोफ्याशी बसूनच राहिले. "मला वाटलं, तू थिजतेस ते जरा..." एवढंच त्यांना जमलं. वाक्य पुरं झालं नाही.

वासंतीबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग पदर खोचला. "उठा. परीक्षा पुढे ढकलते, आज फोनवरून नुसता वर्ग घेऊ. माझ्या तयार अक्षरांच्या सगळ्या पाट्या लॅपटॉपमध्ये अडकल्यात, तेव्हा कागदावरच लिहून दाखवते. तुम्ही वरून फोन धरायचा. हलायचं नाही."

आणि पाच वाजता आठल्ये टेबलाच्या कडेला उभे राहिले. खाली वासंतीबाईंचा कागद, वर दोन्ही हातांत फोन. त्यांच्या मानेला कळ लागली, नाकावर माशी बसली, दहा मिनिटांनी दुसऱ्यांदा बसली. फोन हलला नाही. आजवर विद्यार्थ्यांना बाईंचा चेहरा आणि तयार अक्षरं दिसत. आज पहिल्यांदा बाईंचा हात दिसला. टाक कागदावर टेकतो कुठे, वळतो कुठे, न उचलता पुढच्या अक्षरात कसा शिरतो, ते सगळं. पाऊण तासाने नाशिकचा देवेश म्हणाला, "मॅडम, आज पहिल्यांदा 'ळ' समजला. दर वेळी असंच दाखवा ना."

न्यू जर्सीची कृतिका म्हणाली, "कॅमेरा किती स्टेडी आहे! कुठला स्टँड घेतला, मॅडम?"

"घरचाच आहे," वासंतीबाई म्हणाल्या. फोनच्या मागे आठल्यांचे कान लाल झाले.

वर्ग संपल्यावर पाध्ये आंबा परत न्यायला आले. वासंतीबाईंनी तो उचलून दिला, आणि देता देता थांबल्या. चुंबकाच्या कडेला, देठापाशी, तिळाएवढा स्क्रू चिकटलेला होता. पाध्यांनी खोलीभर तो स्क्रू घेऊनच स्क्रू शोधला होता.

रात्रीच्या जेवणाआधी ऋजुता येऊन जुनी पट्टी नीट बसवून गेली. लॅपटॉप आपल्या नेहमीच्या संथपणे जागा झाला. तिने एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: लांबी बेचाळीस, एनव्हीएमई, पट्टीच्या टोकाला एकच खाच. "दोन खाचा दिसल्या तर ती सॅटा, घेऊ नका, काका." या वेळी आठल्यांनी तो कागद खिशात ठेवला.

सील फोडलेल्या ऐंशीचं काय करायचं हा प्रश्न ऋजुतानेच सोडवला. जुन्या वस्तूंच्या साइटवर तिला टिटवाळ्याचा एक माणूस सापडला. त्याचं दुःख बरोबर उलटं होतं. त्याच्या लॅपटॉपला ऐंशीची जागा, आणि त्याने बेचाळीसची आणलेली. पट्टी आखूड, स्क्रू लांब. मध्ये नुसती मोकळी जमीन. अदलाबदल करू, तो फोनवर म्हणाला, पण मंगळवारी नको, इथल्या गणपतीच्या देवळाच्या गर्दीत रिक्षा मिळायची नाही.

गुरुवारी आठल्ये टिटवाळ्याला गेले. स्टेशनपासून जवळच झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. आत साठीचे एक गृहस्थ बसले होते. नाव महिपत शेलार. आठल्यांनी काउंटरवर सगळी आयुधं मांडली: फूटपट्टी, भिंग, ऋजुताचा कागद. शेलारांची पट्टी मोजली. बेचाळीस. खाच एक. एनव्हीएमई असं लिहिलेलं. खात्री म्हणून दुसऱ्या बाजूने पुन्हा मोजली.

शेलार एकटक पाहत होते. "साहेब, तुम्ही मोजणी खात्यात होता काय?"

"होय. कसं ओळखलंत?"

"ते भिंग ओळखलं. नव्व्याण्णव साली आमची जागा मोजाया तुम्हीच आलेला. चिंचेखालची. दोन हात जागा भावकीच्या हद्दीत दाखवलेली तुम्ही!"

आठल्यांनी भिंग खाली ठेवलं. "अपील करायला हवं होतंत," ते सवयीने म्हणाले.

"आता काय करू? तिथे सात माळ्यांची बिल्डिंग झाली. माझाच फ्लॅट आहे चौथ्या माळ्यावर." शेलार हसले आणि त्यांनी आत चहा सांगितला. "जाऊ द्या ओ. बसा."

चहा पिता पिता आठल्यांनी लॅपटॉप कुणाचा हे सांगितलं. मोडीचं नाव ऐकताच शेलार उठले आणि कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला पिवळा पडलेला कागद घेऊन आले. ज्यांचं नाव त्यांना ठेवलेलं, त्या पणजोबांच्या वेळचा. जमिनीचा असावा असं घरात सगळे म्हणत, पण वाचता येणारं कुणी उरलं नव्हतं. "बाईंना दाखवा," ते म्हणाले. "झेरॉक्स नको, खराच न्या. तुम्ही काय पळून जाणार नाही. जागा तर मोजून झालीच आहे."

शुक्रवारी ऋजुताने बेचाळीसची पट्टी बसवून जुन्यातलं सगळं नव्यात उतरवून दिलं. नवी पट्टी आपल्या हद्दीत अशी बसली, की आठल्यांनी झाकण लावायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघून घेतलं. मग सलिलला फोन करून झालेलं काम सांगितलं. सलिल म्हणाला, "बाबा, ऑफिसच्या मित्राचा पण एक लॅपटॉप आहे..." आठल्यांनी 'दिवाळीत ये, बघू' असं सांगून फोन ठेवला.

शनिवारी पाच वाजता लॅपटॉप उघडला तो उघडलाच. वासंतीबाई न थिजता अर्धा तास बोलल्या. मग त्यांनी शेलारांचा कागद पडद्यावर लावला. तो क्षणात मोठा झाला, अक्षर न् अक्षर दिसायला लागलं. लिहायची वेळ आली की फोन वरून धरायला आठल्ये शेजारी खुर्ची टाकून बसलेलेच होते.

"देवेश, तू सुरुवात कर," वासंतीबाई म्हणाल्या.

देवेश अडखळत वाचू लागला. "अर्जदार... महिपत वलद राघो शेलार... मौजे टिटवाळे. विनंती ऐसी जे... सरकारातून मोजणीदार आले."

आठल्ये खुर्चीत सरसावून बसले.

"पुढे कृतिका."

"मोजणीदार आले... दोन वेळ... जेविले." कृतिका थांबली. "जेविलेच आहे ना, मॅडम?"

"जेविलेच आहे. पुढे वाच."

"जेवून... चिंचेखाली... निजले. उठोन साखळी धरिली... ते आमचे अंगण दोन हात... कमी भरिले. मोजणीदार यांस... डोळे... डोळे आहेत किंवा कसे... याची चौकशी व्हावी."

त्रेचाळीस पडद्यांवर हसू फुटलं. वासंतीबाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. हसता हसता त्यांनी लॅपटॉप थोडा वळवला. पडद्याच्या कोपऱ्यात पहिल्यांदाच एक टक्कल, एक चष्मा आणि एक अत्यंत गंभीर चेहरा दिसू लागला.

"हे आमचे यजमान," वासंतीबाई म्हणाल्या. "मोजणी खात्यात होते. मागच्या वेळचा स्टँड तो हाच. यांना खात्याच्या वतीने काही सांगायचं असेल."

आठल्यांनी चष्मा सारखा केला. घसा खाकरला. साताऱ्यापासून न्यू जर्सीपर्यंत सगळे गप्प झाले.

"साखळी लोखंडाची असते," ते म्हणाले. "दुपारच्या उन्हात ती वाढते. वाढलेल्या साखळीने मोजलं की अंगण कमी भरतं. यात त्या माणसाचा काहीही दोष नाही." मग जरा थांबून, न्याय पुरता व्हावा म्हणून त्यांनी भर घातली, "जेवून झोपायला मात्र नको होतं."